घरातल्या जनावरांचीही विचारपूस व्हावी: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला एका भावी विद्यार्थिनीचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण मंडळ,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात राहणारी, बारावी विज्ञान शाखा आणि त्यापाठोपाठ नीट देऊन एमबीबीएसच्या प्रवेशफेरीची वाट पाहणारी विद्यार्थिनी आहे. आपल्या मंडळाने ठरवलेल्या अभ्यासक्रमानुसार मी पुढची साडेचार वर्षे शिकणार आणि त्यानंतर वर्षभर आंतरवासिता करणार. म्हणून महाविद्यालयाची पायरी चढण्याआधीच, मी कोण आहे, कोणत्या घरातून येते आणि त्या घरात माणसांखेरीज आणखी कोण कोण राहते, हे आपल्याला सांगावे आणि त्याच ओघात एक मागणी आपल्यापुढे ठेवावी, असे मनात आले. मागणी अशी की, रुग्णाची माहिती घेताना त्याच्या घरातल्या, गोठ्यातल्या आणि बागेतल्या जनावरांची चौकशी करणे हा प्रत्येक भावी डॉक्टरच्या शिक्षणाचा पक्का भाग व्हावा आणि त्याची सुरुवात, वैद्यकीय विद्यार्थी गावातल्या कुटुंबांकडे नियमित जातात त्या आपल्याच कुटुंब दत्तक उपक्रमापासून व्हावी.

आमचे घर तिलारीच्या खोऱ्यात, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. घरात आजी, आई-बाबा, काका-काकी, चुलत भाऊ, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात काजू आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी सुपारी, एवढ्यावर घर चालते. बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि गेली काही वर्षे त्यांच्याबरोबर पेटीला मी बसते. आजारपण साधे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गंभीर असेल तर गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय, ही आमच्या तालुक्याची जुनी रीत. जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडे मिळाले, तरीही रात्री-अपरात्री गाडी ठरवायची वेळ आली की अजूनही पहिल्यांदा बांबोळीचेच नाव तोंडी येते.

आता घरातली बाकीची मंडळी. गोठ्यात दोन कोकण कपिला गायी आणि एक म्हैस आहे. कपिला गाय अंगाने लहान, दूध बेताचे, पण डोंगरउतारावर चरणारी आणि आमच्या धुवाधार पावसात टिकून राहणारी. शेजारच्या पडवीत कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या असतात, काळ्या अंगाच्या आणि तोंडावर पांढरे पट्टे असलेल्या. खळ्यात कोंबड्या, दारात वाघ्या नावाचा कुत्रा आणि घरभर मनी नावाची मांजर. वाघ्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून आणण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्याचे कार्ड माझ्या स्वतःच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवलेले असते. गायी-शेळ्यांची चित्रे काढणे, कोणती कधी विली, कोणाला काय झाले, कोणते औषध लागू पडले हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवणे, हा माझा सातवीपासूनचा छंद. डॉक्टर व्हावे असे मला वाटू लागले ते या वहीमुळे, कारण आजाराला आधी, मग आणि नंतर असा क्रम असतो आणि तो क्रम नीट विचारला तर कारणापर्यंत पोहोचता येते, हे त्या पानांवर मला स्वतःच्या अक्षरात दिसत गेले.

ही सगळी ओळख करून देण्यामागे कारण आहे. आमच्याकडे माणसाचे आणि जनावराचे जगणे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले नसते. हिवाळा सरला की आई आणि काकी बागेत पातेरा गोळा करायला जातात. हा सुकलेला पाला खराट्याने एकत्र करायचा, मोठ्या हाऱ्यात पायाने दाबून भरायचा, डोक्यावरून घरी आणायचा आणि गोठ्यात गुरांखाली पसरायचा. शेणामुतात भिजून त्याचे खत होते आणि ते पुन्हा शेतात जाते. म्हणजे बागेतली जमीन, आईचे डोके, म्हशीचे पाय आणि आमचे भात, यांची एकच साखळी. पातेऱ्यात काय असते, हे आमच्या तालुक्याला 2016 मध्ये फार मोठी किंमत मोजून कळले.

त्या वर्षाच्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले. त्याच्या आदल्या वर्षी हा ताप शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यात आला होता. आजाराचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. विषाणू पसरतो तो गोचिडींमुळे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, पाल्यापाचोळ्यात थांबतात आणि काजू वेचायला, लाकडे आणायला किंवा पातेरा भरायला आलेल्या माणसाला चावतात. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत, पण गोचिडी त्यांच्या अंगावर पोसल्या जातात. एकाएकी चढणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठणकणे, काही जणांत रक्तस्राव आणि काहींत ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटणारा, मेंदूवर जाणारा दुसरा झटका, असा हा आजार आहे. त्यावर नेमके औषध नाही. वेळेवर ओळखणे आणि काळजीपूर्वक सांभाळणे, एवढेच डॉक्टरच्या हातात असते, आणि ओळखण्याची पहिली खूण रुग्णाच्या अंगावर नसते, ती त्याच्या बागेत मरून पडलेली असते.

माझ्या काकांच्या बाबतीत हेच घडले. काजूच्या हंगामात ते बागेतले काम आटोपून एका लग्नासाठी मुंबईला गेले आणि तिथे पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांना ताप भरला. नातेवाइकांनी ज्या खासगी रुग्णालयात नेले, तिथे त्यांचे नाव, वय, वजन, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हे सगळे विचारले गेले. मलेरिया आणि डेंगीच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही, पण ताप हटेना. तुम्ही राहता कुठे, काम काय करता, आसपास जनावरे कोणती, हे कोणीही विचारले नाही. काकांनाही ते आपणहून सांगण्याजोगे वाटले नाही, कारण डॉक्टर विचारतात तेवढेच सांगायचे असते, अशी आमच्या लोकांची समजूत आहे. शेवटी गावाहून आजीने फोनवर विचारले, "बागेत वांदर मरान पडललो, ता डॉक्टराक सांगितलास काय?" चुलत भावाने ते जाऊन सांगितले आणि तिथून उपचारांची दिशा बदलली. त्या डॉक्टरांनी ऐकून घेतले, ताबडतोब वरिष्ठांशी बोलून रक्ताचा नमुना योग्य प्रयोगशाळेत पाठवला, वेदनाशामक गोळ्या थांबवल्या, प्लेटलेट्सवर लक्ष ठेवले. काका बरे झाले, अशक्तपणा मात्र पुढे कितीतरी आठवडे राहिला. ऐकून घेणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझे म्हणणे इतकेच की, जो प्रश्न पाचवी शिकलेल्या माझ्या आजीला सुचला, तो विचारण्याची सवय डॉक्टरला त्याच्या शिक्षणानेच लावून द्यायला हवी. तो डॉक्टर मुंबईत बसतो की दोडामार्गात, याने फरक पडू नये, कारण कोकणचा माणूस आज गावात असतो आणि उद्या रातराणीने मुंबईत.

असे विचारणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचा गुण कसा येतो हेही आम्ही पाहतो. आषाढात तापाचा रुग्ण गेला की आमच्या आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न येतो, लावणीला गेला होता का, पायाला चीर किंवा जखम आहे का. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरणारे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू भेगाळलेल्या पायांतून शरीरात शिरतात, हे तिथल्या परिचारिकांनासुद्धा पाठ आहे, म्हणून उपचार लवकर सुरू होतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम तर आपल्याला माहीतच आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत होती, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या रुग्णाच्या उशाशी बसून त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला, प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवले आणि ते निष्कर्ष जगापुढे मांडले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम मी मागून घेतले होते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण जनावरांविषयीच्या अज्ञानाची किंमत कधी कधी जनावरालाच मोजावी लागते. वहिनी गरोदर असताना तिला एका डॉक्टरांनी बजावले की घरात मांजर असेल तर आधी बाहेर काढा. कारण सांगितले नाही, दुसरा काही मार्गही सांगितला नाही. घरात दोन दिवस रडारड झाली. मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मी स्वतः गेले आणि त्यांनी शांतपणे समजावले की, टोक्सोप्लाझ्मा या मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या जंतूचा धोका खरा आहे आणि गरोदर बाईने तो गांभीर्यानेच घ्यायचा, पण तो मांजराला हात लावल्याने येत नाही. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेले जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, तेव्हा घाण रोजच्या रोज दुसऱ्या कोणीतरी काढावी, मातीत काम केल्यावर हात धुवावेत, भाज्या स्वच्छ धुवाव्यात आणि मटण पुरते शिजवावे. हे सगळे काकीने अंगावर घेतले. मनी घरात राहिली, पुतणी सुखरूप जन्माला आली आणि ती अगदी पहिल्यांदा जे शब्द ओळखू लागली, त्यांत "मनी" हा शब्द आहे. जे पाच मिनिटांत समजावता आले असते, त्यासाठी एका मुक्या जिवाला रस्त्यावर सोडण्याची वेळ येत होती, ही गोष्ट मला फार लागली.

रेबीजविषयी थोडेसे. लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो आणि वेळेवर काळजी घेतली तर तो पूर्ण टळतो. असा टोकाचा फरक दुसऱ्या फार थोड्या आजारांत असेल. तरीही आमच्या वाडीतल्या एका मुलीने कुत्रा चावल्याचे घरी कितीतरी दिवस लपवले, कारण तिला कोणीतरी सांगितले होते की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात. ती जुन्या पद्धतीची लस आपल्या देशात बनवणे बंद होऊन वीस वर्षे झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने असतात, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते आणि जखम खोल असेल तर तिच्यातच सिरम द्यावे लागते. पण भीती मात्र पिढ्यानपिढ्या चौदा इंजेक्शनांचीच चालत आली आहे. घरोघर जाणारा विद्यार्थी अंगणातल्या कुत्र्याकडे बोट दाखवून, याला लस दिली का, याने कोणाला चावले आहे का, असे विचारू लागला, तर त्या मुलीसारखी मुले आपणहून बोलू लागतील. मानवातील रेबीजची बहुतेक सर्व प्रकरणे कुत्र्यांमुळेच होतात आणि कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, तेव्हा हे काम केवळ पशुसंवर्धन खात्याचे म्हणून सोडून देता येणार नाही.

आता आपल्या मंडळाकडे थेट येते. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात. 2024 च्या परीक्षेसाठी आपल्या मंडळाने अभ्यासक्रम निश्चित केला, तेव्हा अन्नोत्पादन वाढीचा जो भाग त्यातून वगळला गेला, त्यात पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि मधमाशीपालन यांची माहिती होती. विद्यार्थ्यांवरचे ओझे कमी करण्याचा हेतू मला समजतो आणि त्या वेळी अनेकांना सुटल्यासारखेही वाटले. पण त्याचा परिणाम असा झाला की, डॉक्टर होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी आज एकाही पाळीव जनावराविषयी एक ओळही न वाचता वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचू शकते. शहरात वाढलेल्या मुलांनी गोठा पाहिलेला नसतो, यात त्यांचा दोष नाही. पण मग तो त्यांना कोणीतरी दाखवला पाहिजे. प्राणिजन्य आजार एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आहेत, सूक्ष्मजीवशास्त्रात आणि जनवैद्यकशास्त्रात ते शिकवले जातात, हे मला ठाऊक आहे. परंतु पुस्तकात वाचलेला जंतू आणि समोरच्या बाईच्या डोक्यावरचा पातेऱ्याचा हारा, यांचा संबंध जोडायचा कसा, हे प्रत्यक्ष तिच्या घरात उभे राहिल्याशिवाय शिकता येणार नाही.

आणि त्यासाठी आपल्याकडे साधन तयार आहे. कुटुंब दत्तक उपक्रमात पहिल्या वर्षापासून विद्यार्थी गावातल्या कुटुंबांकडे जातात, त्यांची माहिती नोंदवतात, तपासण्या करतात आणि पुढची वर्षे त्यांच्या संपर्कात राहतात. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. माझी विनंती आहे की, त्या नोंदवहीत घरातल्या माणसांच्या यादीनंतर एक पान जनावरांसाठी असावे: कोणती जनावरे आहेत, ती बांधतात कुठे, त्यांची लसीकरणे झाली आहेत का, गेल्या वर्षात कोणते मेले किंवा कोणाचा गाभ अकाली पडला का, दूध उकळून पितात का, धार कोण काढते, शेण-पातेऱ्याचे काम कोण करते. गाभ पडणे हा प्रश्न मुद्दाम घालावा. गाय उशिराच्या महिन्यांत गाभडली तर त्यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो आणि वार काढणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी जडू शकते. वासरांना याविरुद्ध लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 पासून सुरू आहे. म्हणजे पशुसंवर्धन खाते एका दाराने त्या गोठ्यात येते आणि आरोग्य खाते दुसऱ्या दाराने घरात येते, पण दोघांची गाठ पडत नाही. विद्यार्थ्याच्या वहीतल्या एका पानावर ती पडू शकते.

दुसरी विनंती अशी की, जनवैद्यकशास्त्राच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने थोडे दिवस तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात घालवावेत आणि पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही आरोग्य केंद्र दाखवले जावे. मुंबईतल्या परळचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. 1886 मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1926 पासूनचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय आणि प्लेगच्या लशीसाठी ओळखली जाणारी, आजही सर्पदंशावरच्या प्रतिविषाशी जिचे नाव जोडलेले आहे ती हाफकिन संस्था, तिन्ही एकाच वस्तीत आहेत. प्रतिविष तयार होते तेही घोड्याच्या रक्तातून, हे आमच्याकडे फुरसे चावलेल्या किती जणांना माहीत असेल! मुंबईत प्लेग आला तेव्हा घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडून उघड्यावर राहायला जात, म्हणजे जनावराच्या मरणातून माणसावरचे संकट ओळखण्याची दृष्टी आपल्या लोकांजवळ होती. ती आता शिक्षणाच्या चौकटीत आणायची आहे. एवढ्या जवळच्या संस्थांमधल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांचे वर्ग बघायला मोठा खर्च येणार नाही, आणि जिथे असे शेजार नाही तिथे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना असतोच.

तिसरी गोष्ट परीक्षेची आहे आणि विद्यार्थी म्हणून मी ती स्पष्ट सांगते. ज्याला गुण असतात ते शिकले जाते. रुग्णाचा इतिहास घेण्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, काम काय करता आणि सहवासात जनावरे कोणती, या दोन प्रश्नांना ठरावीक गुण ठेवावेत. तापाचा रुग्ण असेल तर ते प्रश्न विसरणाऱ्याचे गुण कापावेत. एवढे केले तरी दोन-तीन वर्षांत सवय अंगी बाणेल.

लोकांपर्यंत हे पोहोचवण्यात आमचाही हातभार लागू शकतो. माकडतापाचा हंगाम आणि आमच्याकडच्या जत्रांचा हंगाम बराचसा एकच असतो. दशावतार बघायला रात्रभर सगळा गाव देवळापुढे जमतो, म्हाताऱ्यांपासून मांडीवरच्या पोरांपर्यंत. नाटक उभे राहण्याआधी दहा मिनिटे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी उभे राहून, बागेत जाताना अंगाला गोचीडरोधक तेल लावा, घरी आल्यावर कढत पाण्याने अंघोळ करा, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, एवढे आमच्या मालवणीत सांगितले, तर पत्रकांपेक्षा ते नक्कीच लक्षात राहील. आमच्या भजनी मंडळानेही आपल्या भजनाच्या बाऱ्यांच्या वेळी यासाठी जागा द्यायची तयारी दाखवली आहे.

मला पुष्कळ जण विचारतात की, एवढी गुरांची आवड आहे तर पशुवैद्यक का होत नाहीस. मला माणसांचीच डॉक्टर व्हायचे आहे. फक्त माझ्याकडे येणारा माणूस त्याच्या गोठ्यासकट येतो, हे मला शिकवले जावे आणि माझ्याबरोबर पहिल्या वर्षाला बसणाऱ्या, ज्यांनी आयुष्यात कधी धार काढताना पाहिली नाही अशा माझ्या मित्रमैत्रिणींनाही शिकवले जावे. पुढच्या तुकडीची कुटुंब दत्तक नोंदवही छापायला जाण्याआधी आपल्या मंडळाने वरच्या तीन विनंत्यांचा विचार करावा आणि जे शक्य आहे व जे शक्य नाही ते कारणांसह जाहीर करावे, ही नम्र प्रार्थना.

कळावे,
आपली विश्वासू,
एमबीबीएसच्या प्रवेशाची वाट पाहणारी एक विद्यार्थिनी,
तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग